मुखपृष्ठावरचे हात

30 जुलै 2025, बुधवार

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर कोण असावं, यावर आज बैठक झाली. संध्याकाळपर्यंत बोलणं चाललं, ठरलं काहीच नाही. अंक बायकांचा, मांडणी माझ्याकडे. संपादकताईंना यंदा काही नवं हवं आहे. जाहिराती आणणारे काका मात्र एकच प्रश्न घेऊन आले होते: मलपृष्ठ घेणारे सराफ विचारताहेत, पुढे कोण आहे? मालिकेतली ओळखीची नटी, अंगावर पैठणी, नाकात नथ, हातात पणती असं असेल तर मागची जाहिरात पक्की.

वाचकाला हे दिसत नाही, म्हणून लिहून ठेवते. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ एकाच तावावर शेजारी शेजारी छापलं जातं; घडी पडली की एक पुढे येतं, एक मागे जातं. पैशाचा व्यवहारही तसाच जोडलेला आहे. अंकाच्या किमतीतून कागद, छपाई, विक्रेत्याचं कमिशन आणि लेखकांचं मानधन निघत नाही, ते जाहिरातींतून निघतं. म्हणून पुढची बाई दोघांसाठी उभी असते, अंक घेणाऱ्या वाचकासाठी आणि त्या वाचकापर्यंत पोचू पाहणाऱ्या दुकानदारासाठी. मोठ्या मासिकांत हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. 'द सप्टेंबर इश्यू' हा माहितीपट अमेरिकन 'व्होग'च्या ज्या अंकावर आहे, तो सप्टेंबर 2007 चा अंक 840 पानांचा होता आणि त्यातली बहुतेक पानं जाहिरातींची होती.

1 ऑगस्ट, शुक्रवार

भाचीने फोनवर बातमी दाखवली. 'व्होग'च्या ऑगस्टच्या अंकात 'गेस' या कपड्यांच्या कंपनीची जाहिरात आहे आणि त्यातली सोनेरी केसांची तरुणी जगात कुठेच नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेलं ते चित्र. पानावर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही आहे. ही आतली जाहिरात, मुखपृष्ठ नव्हे. पण तिथवर यायला फार दिवस लागतील असं वाटत नाही. आमच्याच बैठकीत परवा कुणीतरी म्हणालं होतं, तसं केलं तर फोटोग्राफर, मेकअप, साडी सगळाच खर्च वाचेल.

आजवर मुखपृष्ठावरच्या खऱ्या बाईच्या सुरकुत्या पुसल्या, कंबर आत ढकलली, रंग दोन छटांनी उजळला. ते काम मी स्वतः संगणकावर करत आले आहे, म्हणून ते कसं होतं हे मला ठाऊक आहे. आता बाईचीच गरज उरली नाही. हे मला नुसतं खटकत नाही, याचा राग येतो. ज्या वाचकाला 'ही तुझ्यासारखी आहे, तू अशी होऊ शकतेस' म्हणून बोलवायचं, तिच्यासमोर कधी जन्मालाच न आलेली बाई ठेवायची?

3 ऑगस्ट, रविवार

वाचनालयातून जुन्या अंकांचा गठ्ठा आणला. दिवाळी अंकांची आपली परंपरा 1909 सालच्या 'मनोरंजन'पासून, काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्यापासून सुरू होते. पण मुखपृष्ठावरची 'मराठी बाई' म्हणून जी डोळ्यांसमोर येते, ती दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी दिलेली. दोघेही मूळचे गोव्याचे. दलालांनी 1945 मध्ये 'दीपावली' सुरू केलं, मुळगावकरांनी 'रत्नप्रभा'. मुळगावकर देवादिकांची कॅलेंडरं करत, बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची वेष्टनंही करत. लक्ष्मी, नायिका आणि संकटात सापडलेली तरुणी तिघींची कांती सारखीच तेजाळ. त्यांच्याही मागे रविवर्मा आहे. 1894 मध्ये त्याने मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, आणि साडीतली सरस्वती-लक्ष्मी स्वस्त छापील चित्रातून घरोघरच्या भिंतीवर गेली. देवी बाईसारखी दिसू लागली आणि मग बाईने देवीसारखं दिसावं ही अपेक्षा मासिकांनी उचलली.

दलालांच्या रेषेवर माझं प्रेम आहे. मानेचा एक बाक, पदराची एक वळी आणि बाई उभी. ते प्रेम कमी होणार नाही. तरी आज अंक चाळताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत राहिली: या बायकांचे हात. हातात पणती, फूल, पूजेचं तबक, वीणा, आरसा, कधी कबूतर. हात सुंदर आहेत, पण ते काही करत नाहीत. वस्तू नुसत्या धरलेल्या आहेत, त्याही बोटांच्या टोकांनी.

ज्या घरांत हे अंक येत होते, त्या घरांतल्या बायकांचे हात दिवाळीच्या आठवड्यात कसे असत ते मला माहीत आहे. चकलीच्या सोऱ्याने तळव्याला पडलेला वळ, अनारशांच्या पिठात बुडालेली बोटं, तेलाचे चटके. तो हात मुखपृष्ठावर कधी आला नाही. त्या हाताने अंक मात्र विकत घेतला, दुपारी जेवणं उरकल्यावर पदराला पुसून उघडला.

10 ऑगस्ट, रविवार

नारळी पौर्णिमा झाली, नारळीभात झाला, पाहुणे झाले. आज दिवसभर बसले.

हातांचं वेड डोक्यात शिरल्यावर परदेशी मासिकांची मुखपृष्ठंही त्याच नजरेने पाहिली. 'व्होग' 1892 मध्ये निघालं, 1909 मध्ये काँडे नास्ट यांनी ते घेतलं. सुरुवातीची मुखपृष्ठं चित्रांची होती. रंगीत छायाचित्राचं पहिलं मुखपृष्ठ जुलै 1932 चं, एडवर्ड स्टायकन यांनी टिपलेलं: लाल पोहण्याच्या पोशाखातली तरुणी, हात वर केलेले आणि हातांत मोठा चेंडू. माझ्या मते ते त्या मासिकातल्या सर्वांत मोकळ्या हातांपैकी आहेत. त्यात खेळ आहे, श्वास आहे.

मग मार्च 1966 चं ब्रिटिश 'व्होग'. डोनियेल लूना ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय मॉडेल, छायाचित्रकार डेव्हिड बेली. 'व्होग'च्या मुखपृष्ठावर आलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. आणि तिथे हात काय करतो? बोटांच्या बेचक्यातून एक डोळा दिसतो, बाकीचा चेहरा हाताने झाकलेला. चित्र म्हणून ते विलक्षण आहे. पण ज्या चेहऱ्याला पहिल्यांदा जागा मिळाली, तोच हाताआड गेला, आणि तो मुद्दाम झाकला का, हा प्रश्न तेव्हापासून विचारला गेला आहे. अमेरिकन 'व्होग'ने कृष्णवर्णीय चेहरा पूर्ण दाखवला तो ऑगस्ट 1974 मध्ये, बेव्हर्ली जॉन्सनचा. मासिक निघाल्यापासून 82 वर्षांनी. आपल्याकडे 'व्होग इंडिया'चा पहिला अंक ऑक्टोबर 2007 मध्ये आला. त्याच्या घडीच्या मुखपृष्ठावर बिपाशा बासू, प्रियांका चोप्रा, प्रीती झिंटा होत्या आणि त्यांच्याबरोबर जेमा वॉर्ड ही गोरी, सोनेरी केसांची ऑस्ट्रेलियन मॉडेलही होती. भारतीय बाईची पहिली ओळख करून देतानाही ती सोबत लागली.

13 ऑगस्ट, बुधवार

'कॉस्मोपॉलिटन'बद्दल एक गोष्ट. हेलन गर्ली ब्राउन 1965 मध्ये तिथे संपादक झाल्या आणि एकट्या, कमावत्या तरुणीशी मोकळेपणाने बोलणारं मासिक त्यांनी उभं केलं. मुखपृष्ठांचे फोटो वर्षानुवर्षं फ्रान्सेस्को स्काव्हुलो यांचे. आणि त्या फोटोभोवतीचे चटपटीत मथळे लिहीत असत हेलनबाईंचे यजमान, चित्रपट निर्माते डेव्हिड ब्राउन. दोघांचं सहजीवन प्रेमाचं होतं, त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण बाई बाईच्या कानात सांगते आहे असा ज्या मथळ्यांचा सूर, ते पुरुषाच्या हातचे होते, हे वाचणाऱ्या मुलींना कळायला हवं होतं.

17 ऑगस्ट, रविवार

सकाळी अप्पा बळवंत चौकापर्यंत जाऊन आले. मासिकांचा स्टॉल आता पूर्वीसारखा भरलेला नसतो, तरी तिथे उभं राहिल्याशिवाय मुखपृष्ठ कळत नाही. अंक एकावर एक असे रचलेले की प्रत्येकाचा वरचा चार बोटांचा पट्टाच दिसतो. त्यात काय मावतं? मासिकाचं नाव, नावाच्या अक्षरांवर थोडं चढलेलं डोकं, थेट आपल्याकडे पाहणारे डोळे आणि एखादा मथळा. हात खालच्या अंकाआड जातात. म्हणजे मुखपृष्ठावर चेहऱ्याचं राज्य आहे ते नुसत्या सौंदर्याच्या कल्पनेमुळे नाही, स्टॉलच्या रचनेमुळेही आहे. फोनच्या पडद्यावर अंक नखाएवढा दिसतो, तिथेही चेहराच ओळखू येतो.

डोळ्यांचं काम ओढण्याचं आणि मथळ्यांचं काम आधी उणीव सांगून मग उपाय विकण्याचं. 'सणासुदीत उजळा', 'सात दिवसांत सुडौल', 'सासूबाईंना जिंकण्याचे मार्ग'. असे मथळे मीही बसवले आहेत, पिवळ्या रंगात, अगदी वर, कारण तेवढीच कड स्टॉलवर उघडी राहते. डोळे म्हणतात 'ये', मथळा म्हणतो 'तुझ्यात काहीतरी कमी आहे'. बाई या दोन्हींच्या मधे उभी राहते आणि पाकीट उघडते.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने जाहिरातींतल्या शेकडो फोटोंचा अभ्यास केला. 'जेंडर अ‍ॅडव्हर्टाइझमेंट्स' हे ते पुस्तक 1979 मध्ये निघालं. त्यातलं एक निरीक्षण माझ्या गठ्ठ्याला तंतोतंत लागू पडतं: बायकांचे हात वस्तू घट्ट पकडताना, वापरताना कमी दिसतात, ते वस्तूच्या कडेवरून फिरतात, तिला जेमतेम स्पर्श करतात. अमेरिकेतल्या अत्तराच्या बाटलीवरचा हात आणि आमच्या पणतीखालचा हात एकच आहे.

24 ऑगस्ट, रविवार

काल बाइंडिंगवाल्यांकडे जाऊन आले आणि मला मुखपृष्ठ सापडलं.

पेठेतली जुनी जागा, खिडकीखाली लांब टेबल, त्याभोवती बायका बसलेल्या. छापून आलेल्या तावांना घड्या घालायच्या, फर्मे क्रमाने लावायचे, कड बसवायची. यंत्रं आली तरी लहान संख्येच्या अंकांचं पुष्कळ काम हातानेच होतं. पन्नाशीच्या एक बाई घडी घालत होत्या. ताव उचलला, कोपऱ्यावर कोपरा, अंगठ्याच्या बाजूने एक दाब, बाजूला. त्यांना पाहावंही लागत नव्हतं. बोटांच्या पेरांवर कागदाने कापल्याच्या बारीक रेषा. आमचा अंक गेली कित्येक वर्षं याच हातांतून जातो आणि त्याच्या एकाही पानावर हे हात नाहीत.

मी विचारलं, "मावशी, अंकाच्या कव्हरवर तुमचा फोटो घेतला तर चालेल?"

त्या थांबल्या. शेजारणी हसायला लागल्या. मग म्हणाल्या, "माझा? मग ही साडी नको ताई. मुलीच्या लग्नातली जांभळी आहे, ती नेसून येते. आणि गजरा."

माझ्या मनात चित्र होतं ते कामाच्या साडीचं, कपाळावरच्या घामाचं. मी म्हणाले, "रोजची साडीच छान दिसते." त्या म्हणाल्या, "रोज तर मी अशीच असते. फोटोत पण अशीच?"

25 ऑगस्ट, सोमवार

मावशींचं परवाचं वाक्य पाठ सोडत नाही. 2008 च्या ऑगस्टमध्ये 'व्होग इंडिया'ने खेड्यातल्या गरीब माणसांच्या हातांत महागडी छत्री, बाळाच्या गळ्यात नामांकित कंपनीचं लाळेरं देऊन फोटो छापले होते. त्यावर टीका झाली, ती योग्यच होती. छत्रीच्या कंपनीचं नाव दिलेलं, छत्री धरणाऱ्या माणसाचं नाव नव्हतं. गरिबीला नटवणं वाईट आणि नटू पाहणाऱ्या गरीब बाईला 'तू घामेजलेलीच छान' असं सांगणंही तितकंच वाईट, कारण दोन्हीकडे ठरवणारी मी.

नटण्याची हौस ही मासिकांनी शिकवलेली नाही. ती बाईची स्वतःची आहे, ओव्यांइतकी जुनी. मासिकांनी केलं ते इतकंच की नटलेली बाई आणि काम करणारी बाई या दोन वेगळ्या बायका आहेत असं चित्र ठसवलं. आपल्या आज्या ठुशी घालून, डोईवर पदर घेऊन जात्यावर बसत. जांभळी साडी, गजरा आणि घडी घालणारे हात यांत विरोध आहे कुठे?

ठरलं. साडी त्यांची, गजरा त्यांचा. आत पहिल्याच पानावर त्यांचं नाव, फोटोग्राफरच्या नावाइतक्याच अक्षरांत. आणि मॉडेलला जे मानधन देतो तेच त्यांना.

31 ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या. काही घरांत नुसते मुखवटे असतात, आमच्याकडे हातांच्या गौरी. साडी नेसवताना बांगड्या भरल्या, इतकंच. लिहायला वेळ नाही.

3 सप्टेंबर, बुधवार

गौरी गेल्या. आज बातमी वाचली की अमेरिकन 'व्होग'ची सूत्रं क्लोई माल यांच्याकडे गेली. याआधीच्या संपादक अ‍ॅना विंटूर यांचं पहिलं मुखपृष्ठ आठवलं, नोव्हेंबर 1988: महागडं, जडावाच्या क्रूसाचं जाकीट आणि खाली साधी जीन्स, मॉडेल रस्त्यावर हसत चाललेली. छापखान्यातून फोन आला होता की काही चूक तर झाली नाही ना. नवं मुखपृष्ठ आधी चुकीसारखंच वाटतं, हे आमच्या जाहिरात-काकांना सांगायला हवं.

संपादकताईंनी शंका काढली, हात दाखवणारं मुखपृष्ठ विकलं जातं का? मी त्यांना 'मिस' मासिकाचा नमुना अंक सांगितला. न्यूयॉर्क, 1972 चा वसंत. मुखपृष्ठावर निळ्या रंगाची, आपल्या देवीसारखी आठ हातांची बाई, मिरियम वॉस्क यांनी रंगवलेली. हातांत तळणीचा तवा, घड्याळ, टाइपरायटर, इस्त्री, टेलिफोन, गाडीचं चाक, आरसा, धूळ झटकायचा पिसांचा झाडू. डोळ्यांतून अश्रू. तीन लाख प्रती आठ दिवसांत संपल्या. त्याच्या दोन वर्षं आधी, 18 मार्च 1970 ला, शंभरावर स्त्रिया 'लेडीज होम जर्नल'च्या पुरुष संपादकाच्या कार्यालयात अकरा तास ठाण मांडून बसल्या होत्या. बायकांच्या मासिकाला बाई संपादक हवी, ही त्यांची एक मागणी होती. आपल्याकडे किर्लोस्करवाडीहून 1930 मध्ये निघालेल्या 'स्त्री'च्या संपादनाचा अनुभव घेऊन विद्या बाळ बाहेर पडल्या आणि 1989 मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' काढलं.

त्या आठ हातांच्या बाईबद्दल मला आदर आहे. तरी आमच्या मावशी रडत नाहीत, आणि त्यांना आठ हातही नकोत. दोन हातांचं नीट मोल मिळालं तरी पुरे.

5 सप्टेंबर, शुक्रवार

केरळच्या 'गृहलक्ष्मी' मासिकाचं मार्च 2018 चं मुखपृष्ठ आज संपादकताईंनी काढून दाखवलं. अभिनेत्री गिलू जोसेफ बाळाला पदराआड न लपवता पाजते आहे, भांगात कुंकू, नजर थेट समोर. खटला झाला. केरळ उच्च न्यायालयाने त्यात अश्लील काही पाहिलं नाही, आणि रविवर्म्याची चित्रं आपण ज्या नजरेने पाहतो त्याच नजरेने हे चित्र पाहिलं, असं म्हटलं. मळवलीच्या छापखान्यातून निघालेली परंपरा इथे बाईच्या मदतीला आली, याचं मला फार बरं वाटलं. आक्षेप एकच मनात राहतो, तेव्हाही तो काहींनी घेतला होता: मुखपृष्ठावरची तरुणी आई नव्हती. खऱ्या आईला ती जागा द्यायला हवी होती.

याच्या उलट एप्रिल 2023 चं 'व्होग फिलिपिन्स'. आपो वांग-ओद, कलिंगा जमातीतल्या गोंदणकार आजी, वय 106. गोंदलेले हात, सुरकुतलेला चेहरा, आणि ज्या कामामुळे त्या तिथे आल्या ते काम त्यांचं स्वतःचं.

8 सप्टेंबर, सोमवार

फोटो झाला. जांभळी साडी, गजरा, समोर तावांची चळत. मावशींनी फोटोग्राफरला बजावलं, "हात हलणार, मी थांबणार नाही." त्यामुळे उजवा अंगठा किंचित पुसट आला आहे. तो तसाच ठेवला. चेहऱ्यावर मी काही केलेलं नाही. मावशी समोर पाहत नाहीत, हातांकडेही पाहत नाहीत, बाजूच्या मैत्रिणीशी बोलताहेत.

स्टॉलवरचा तो चार बोटांचा पट्टा मला विसरता येत नव्हता. म्हणून मांडणी उलटी केली: हात वर, मासिकाच्या नावाला टेकलेले, चेहरा त्यांच्या मागे. अंक एकावर एक रचले तरी पहिल्यांदा हातच दिसतील. मथळा एकही नाही.

12 सप्टेंबर, शुक्रवार

मुखपृष्ठ आज छापायला गेलं. सराफांनी मलपृष्ठ सोडलं. आतलं अर्धं पान घेतलं. फरकाची रक्कम मोठी आहे आणि ती कुठून भरायची हे अजून ठरलेलं नाही. संपादकताई म्हणाल्या, ते मी बघते, आणि पत्रकावर सही केली. मागच्या पानावर जाहिरातीऐवजी अंकासाठी राबलेल्या सगळ्यांची नावं जाणार आहेत, जुळारीपासून टेम्पोवाल्यापर्यंत.

संपादकाला वाचकाचं मत कळतं ते फार थोड्या वाटांनी, आणि त्यातली सर्वांत मोठी म्हणजे विक्रेत्याकडून परत आलेल्या अंकांचे गठ्ठे. त्यातून 'नको' एवढंच कळतं, काय हवं ते कळत नाही. म्हणून ही पानं वाचणाऱ्या प्रत्येकीला विनंती: या दिवाळीत जो अंक घ्याल, त्याच्या मुखपृष्ठावरच्या बाईचं नाव आत छापलं आहे का ते पाहा. नसेल तर संपादकांना विचारा. आणि पुढच्या वर्षी तिथे कोणाला पाहायला आवडेल, ते एका पोस्टकार्डावर लिहून नावपत्त्यासह कळवा.